जयरामच्या खांद्याची चौकशी

अहमदी, कुवेत
१२ जून १९९८

प्रिय जयराम,

हे पत्र नझीरच्या हाती देतोय. तो रजेवर चिपळूणला निघालाच आहे आणि तुझ्या असगोलीला डोकावतो म्हणालाय. पोस्टाने पाठवलं असतं तर पोचेपर्यंत तू माडावर चढलेला असतास, म्हणून ही घाई.

इथे उन्हाने नुसता कहर केलाय. सकाळी आठला गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही. मॅट गुंडाळून गॅरेजमध्ये टाकली आहे. ऑक्टोबरपर्यंत क्रिकेटचं नाव नाही. ऑफिसात सगळे फुटबॉलचा वर्ल्ड कप बघतायत आणि मी आपला पुढच्या सीझनची टीम मांडत बसलोय. शर्मिला म्हणते, जूनमध्ये ऑक्टोबरची काळजी करणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही. तिला काय कळतंय! टीम उन्हाळ्यातच घडते, सीझनमध्ये फक्त खेळते.

तर मुद्द्याचं. लीगने यंदा नवीन फर्मान काढलंय. आजवर वीस नावं चालायची, आता प्रत्येक टीमने सोळाच द्यायची, पंधरा सप्टेंबरच्या आत. म्हणजे आपल्या सह्याद्री इलेव्हनमधून चौघांना नारळ द्यावा लागणार. तिघांचं अवघड नाही, ते कायमचेच देशी परत चाललेत. प्रश्न उरतो एका जागेचा, आणि तो प्रश्न तू आहेस.

लगेच फणकारू नकोस, ऐक. मी विकेटकीपर. तुझा बॉल शेवटी येतो तो माझ्याच हातात, त्यामुळे तुझ्या वेगाची बातमी जगात सगळ्यात आधी मला लागते. जानेवारीपर्यंत तुझ्यासाठी मला स्टंपपासून पार लांब उभं राहावं लागायचं. फेब्रुवारीनंतर मी हळूहळू पुढे सरकलो. सेमीफायनलला तर बॉल इतका अलगद यायचा की मी मधल्या वेळात स्लिपशी गप्पा मारत होतो. इतकं आरामाचं कीपिंग मी आयुष्यात केलं नसेल. आणि तेच अलगद बॉल त्यांनी धू धू धुतले, आपण हरलो. जयराम, तुझा खांदा गेलाय. सदतीस वर्षांचा झालास, सहा वर्षं सिमेंटच्या पट्टीवर मॅट टाकून बोलिंग करतोयस, लोखंडाचा असतास तरी झिजला असतास. लपवू नकोस.

तेव्हा या रजेत पुढील गोष्टी बंद: माडावर चढणं, चिरे उचलणं, नांगर धरणं, आणि गणपतीत ढोल वाजवणं. खांद्याला रोज तेल लाव. चिपळूणला जाऊन खांद्याचा एक्स-रे काढ आणि नझीर परत येईल त्याच्याबरोबर पाठवून दे. निवड समितीपुढे ठेवायचाय. समिती म्हणजे मी आणि सलील, पण समिती ती समिती.

आईंना माझा नमस्कार सांग. तुझ्या लेकीला, स्वराला, आशीर्वाद.

तुझा कप्तान,
राजन सहस्रबुद्धे


असगोली, ता. गुहागर
५ जुलै १९९८

राजनसाहेबांना आणि शर्मिलावहिनींना जयरामचा नमस्कार.

साहेब, नझीर आला तेव्हा मी खरोखरच माडावर होतो. तुम्ही पाकीट चिकटवलं नव्हतंत, त्याने वाटेत सगळं वाचलेलं. खालूनच ओरडला, "जयराम, साहेबांनी माडावर चढायला मनाई केली आहे!" मग काय, उतरलो. उतरायचं तर होतंच.

आईला पत्र वाचून दाखवलं. तुमची बंदीची यादी ऐकून ती म्हणाली, "लावणीच्या दिवसात ह्यानं खांदा जपायचा, मग चिखल काय तुजा सायब येऊन करनार हाय?" तिला सांगितलं, साहेब इंजिनियर आहेत, त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं. ती म्हणाली, "मंग त्या चाळीसांना धाड म्हनावं." तेव्हापासून ती रोज माझा खांदा दाबून बघते आणि वाडीभर सांगते की कुवेतहून माझ्या लेकाच्या खांद्याची चौकशी आली आहे. शेजारी आता नुसता खांदा बघायला येतात.

खांदा ठणठणीत आहे, साहेब. सगळी लावणी झाली. सेमीफायनलचं म्हणाल तर त्या दिवशी वारा समोरून होता. बॉलही मऊ पडलेला. शिवाय बॉलर कधीकधी जरा विचार करून टाकतो. तेवढं मनावर घेऊ नका. तुमचं कसं आहे? जानेवारीत हनुवटीला लागलं होतं, त्याची खूण गेली का? वहिनी मागे म्हणत होत्या, चष्म्याचा नंबर तपासायचाय. तपासलात का?

एक्स-रे काढला. मुंबईला मेडिकलला जायच्या आधी आमच्याकडचे सगळे गल्फवाले चिपळूणच्या ज्या डॉक्टरांकडे तपासून घेतात, त्यांच्याकडेच गेलो. गर्दी मरणाची. मी सांगितलं, कुवेतला पाठवायचा आहे. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही, उभं केलं, श्वास रोखायला सांगितलं आणि काढला. पाकीट सीलबंद आहे, मी उघडलं नाही. नझीरकडे देतोय.

साहेब, एक मनापासून सांगतो. कॅम्पात आम्ही एका खोलीत आठ जण. सहा दिवस मीना अब्दुल्लाला पाइपलाइनवर असतो तेव्हा मी नुसता फिटर, पाठीवरच्या नंबरने ओळखतात. शुक्रवारी मैदानावर मला माझ्या नावाने हाक मारतात. ती जागा घालवू नका माझी. बाकी काय मागणं नाही.

आपला,
जयराम


अहमदी
२८ जुलै १९९८

प्रिय जयराम,

एक्स-रे मिळाला. समितीची बैठक बसली. मी पाकीट फोडलं, खिडकीसमोर धरलं, आणि सलील पोट धरून हसत सुटला. बाबा रे, ही तुझी छाती आहे! फुप्फुसं, बरगड्या, सगळं छान, खांद्याचा मात्र पत्ता नाही. त्या डॉक्टरांना वाटलं असणार, हा आणखी एक व्हिसावाला. इथल्या आमच्या डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणाले, "टीबी नाही, अभिनंदन."

सलीलला हसू आलं, मला नाही आलं. मला सरळ दिसतंय की तू खांदा दाखवायचं टाळतोयस. आधी वारा, मग मऊ बॉल, मग ही छाती. आणि वर उलट माझीच चौकशी! माझे डोळे उत्तम आहेत. चष्मा फक्त पेपर वाचायला लागतो. हनुवटीची खूण केव्हाच गेली. विषय बदलायची तुझी ही सवय मला सहा वर्षांत चांगली माहीत झाली आहे.

आता मन घट्ट कर आणि वाच. रुमैथियाला एसी दुरुस्तीच्या दुकानात एक सिराज नावाचा मुलगा लागलाय, हैदराबादचा, बावीस वर्षांचा. त्याला पहाटे पाचला शाळेमागच्या पार्किंगमध्ये बोलावला, भिंतीवर स्टंप आखले आणि टाकायला सांगितलं. काय वेग रे! प्लास्टर उडालं भिंतीचं. हा पोरगा दहा वर्षं टिकेल. आपल्यातला आणखी एक जण कायमचा देशी चाललाय, तरी तुम्हा दोघांत जागा एकच आहे, आणि मला टीमचा विचार केला पाहिजे, माझ्या मायेचा नाही.

तू आमचा सल्लागार हो. पाण्याच्या जारजवळ खुर्ची टाकून बस, पोरांना चार गोष्टी सांग. मान तोच राहील, माझा शब्द आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. रमझानात खेळ संपल्यावर इफ्तारच्या वेळी आपण वाळूत बसून खुबूसची रोटी आणि मिरचीचा ठेचा खायचो ते आठवतंय. पण खांदा गेलेला बॉलर ठेवून पुढचाही सीझन हरलो तर लोक म्हणतील, राजनने दोस्ती सांभाळली आणि टीम बुडवली.

तुझा,
राजन


असगोली
१० ऑगस्ट १९९८

शर्मिलावहिनींना जयरामचा साष्टांग नमस्कार.

वहिनी, तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. साहेबांनी मला टीममधून काढलं. सल्लागार म्हणतात, पण काढलंच. म्हणून तुम्हाला लिहितोय, कारण खरं काय ते तुम्हाला माहीत असणार. तुम्ही दर शुक्रवारी गाडीत बसून सगळा खेळ बघता.

जानेवारीतली ती मॅच आठवते? माझा बॉल साहेबांच्या ग्लोव्हच्या वरून गेला आणि हनुवटीवर बसला. रक्त आलं. साहेब हसले, म्हणाले, उसळी जास्त होती. उसळी नव्हती, वहिनी. बॉल सरळ होता. साहेबांना तो उशिरा दिसला. त्याच्या पुढच्या बॉललाही त्यांनी हात उशिरा नेला, नशीब ऑफस्टंपच्या बाहेर होता. मला धडकी भरली. डोळ्याला लागला असता तर?

त्या दिवसापासून मी रनअप निम्मा केला आणि हात आखडला. साहेबांना जमेल एवढाच टाकतो. कुणाला बोललो नाही. सेमीफायनलला मार खाल्ला तो त्यामुळेच. माझा खांदा आजही शाबूत आहे.

आता साहेबांना सांगू कसं? तिथे कुवेतला आलो तेव्हा मला साधं मैदानही कुठे आहे माहीत नव्हतं. कॅम्पच्या गेटवर येऊन गाडीत बसवून नेणारे साहेब. त्यांच्या गाडीत माझे बूट मावायचे, घामेजलेले कपडे मावायचे, कधी तोंड वाकडं केलं नाही. अशा माणसाला मी सांगू की तुम्हाला बॉल दिसत नाही? आणि नाही सांगितलं तर माझा शुक्रवार जातो. मला खूप वाईट वाटतंय, वहिनी, आणि रागही येतोय, आणि राग येतो म्हणून परत वाईट वाटतंय.

मी काय करू ते सांगा. तुम्ही म्हणाल ते करीन.

तुमचा,
जयराम


अहमदी
२२ ऑगस्ट १९९८

जयरामभाऊ,

तुम्ही काय करायचं ते दोन ओळींत सांगते. त्यांना लिहा. सगळं लिहा. गोड करून लिहू नका.

मी सांगणार नाही. मी गेली दोन वर्षं चष्म्याबद्दल सांगते आहे, त्यावर "तुला क्रिकेटमधलं कळत नाही" हे उत्तर मिळतं. तुमचा शब्द ते मानतील. इतकी वर्षं तुम्ही बॉल टाकलात आणि त्यांनी धरला, तुमच्यात काय आहे ते मला कळतं, मी नुसती डबे घेऊन येत नाही.

आता इकडची एक गंमत. परवा पहाटे हे सिराजच्या बोलिंगवर कीपिंग करायला गेले आणि करंगळी सुजवून घरी आले. मला सांगितलं, गाडीच्या दारात सापडली. दवाखान्यातही तेच सांगितलं. सलीलच्या बायकोने मला फोनवर खरं काय ते सांगितलं. त्या पोराने म्हणे म्हटलं, "अंकल, थोडा पीछे खड़े रहो." अंकल! दोन दिवस झाले, हे नीट जेवत नाहीत. आणि आज सकाळी म्हणतात, सिराज बेशिस्त आहे, त्याच्या बोलिंगला दिशा नाही. म्हणजे आता दोष त्याचा. त्याचाही खांदा तपासतील बहुतेक.

हसू नका. मला त्यांची कीव येते आणि काळजीही वाटते. स्टंपमागे उभं राहून दिवसभर बोलणं हे त्यांचं सुख आहे. बाकी आठवडाभर रिफायनरीत त्यांचं कोण ऐकतं? पण ते सुख तुम्ही एकट्याने पुरवायचं आणि त्यापायी तुमचं नाव खोडलं जायचं, हे मला मुळीच पटत नाही.

पंधरा सप्टेंबरच्या आत पत्र पोचलं पाहिजे. उद्याच्या उद्या लिहा. आईंना नमस्कार. गणपतीचं सगळं नीट होऊ दे.

शर्मिला सहस्रबुद्धे


असगोली
१ सप्टेंबर १९९८

राजनसाहेब,

गौरी-गणपती झाले. ढोल वाजवला, तुमची मनाई मोडून. खांद्याला काही झालं नाही. साहेब, खांद्याला कधीच काही झालेलं नव्हतं.

जानेवारीत तुमच्या हनुवटीला लागलं, त्या दिवसापासून मी मुद्दाम हळू टाकतोय. तुम्हाला बॉल उशिरा दिसतो. मला भीती वाटली, पुढचा बॉल डोळ्यावर बसेल आणि तो मी टाकलेला असेल. तुमच्याशी बोलायची हिंमत झाली नाही म्हणून हात आखडला. चार महिने आखडला. सेमीफायनल हरलो ती त्यामुळे.

चूक झाली असेल माझी. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मैदानात दहा जणांसमोर कसं बोलणार, आणि गाडीत तुम्ही मला कॅम्पवर सोडताना इतक्या खुशीत असायचात की तिथेही तोंड उघडेना.

आता तुम्हाला काय वाटेल ते वाटो. माझं नाव गाळायचं असेल तर गाळा, तुम्ही कप्तान आहात. पण खांद्यासाठी गाळू नका. सिराज माझ्यापेक्षा चांगला असेल तर त्यासाठी गाळा, मी टाळ्या वाजवीन. पण माझा खांदा गेला म्हणून आख्ख्या कुवेतला सांगू नका, ते खोटं आहे आणि ते मला सहन होत नाही.

सव्वीस तारखेचं विमान आहे. रागावला असाल तर एअरपोर्टवर येऊ नका, मी कंपनीच्या गाडीने जाईन.

तुमचाच,
जयराम


अहमदी
१२ सप्टेंबर १९९८

जयराम,

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळावं म्हणून एका मुंबईवाल्याच्या हाती देतोय, तो तिथून कुरियर करेल.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि सरळ खिशात घातलं. दिवसभर चिडलेला होतो. हा कोण मोठा लागून गेला मला सांभाळणारा? मी काय म्हातारा आहे? त्या रागात एका कॉन्ट्रॅक्टरला उगाच झापलं. घरी आल्यावर शर्मिलाला विचारलं, "जयराम हळू टाकत होता हे तुला ठाऊक होतं?" ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गाडीत बसणाऱ्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं."

मी रात्री जेवलो नाही. राग तुझ्यावरचा उरलाच नव्हता. एवढंच डोक्यात होतं की चार महिने मी स्वतःवर खूश होतो. इतकं आरामाचं कीपिंग, म्हणून तुला कौतुकाने लिहिलं होतं मी! आणि त्या आरामासाठी तू मार खात होतास, शिव्या खात होतास, आणि वर मीच तुला खांद्याला तेल लावायला सांगत होतो. जयराम, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि खरं सांगू, इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. माझ्यासाठी असं कुणी काही करेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळे तपासले. नंबर ऐकून सलीलने गाडीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली आणि घरापर्यंत तोच चालवत आला.

काल, शुक्रवारी, यादी दिली. तुझं नाव पहिलं. सिराजचं दुसरं. एका टोकाने तू आणि दुसऱ्या टोकाने तो, बघू कोण आपल्याला मारतो! कीपर आणि कप्तान सलील. सतरा नावं होत होती, एक गाळायचं होतं. ते कुणाचं, यावर समितीत फार चर्चा झाली नाही. सलील एकटाच विरोध करत होता, रडायच्या बेतात आला होता, मी त्याला चहा पाजून गप्प केला. आता मी शुक्रवारी गाडीत बसणार, बायकांच्यात. निदान सगळं वेळेवर कळेल.

एक मागणं आहे. मॅच सुरू व्हायच्या आधी एक ओव्हर मला टाक. मी नवा चष्मा आणि हेल्मेट घालून स्टंपमागे उभा राहीन. पूर्ण रनअप, पूर्ण वेग. हात आखडलास तर मला कळेल, आता कळेल. सहा वर्षं मी तुझा बॉल धरला असं म्हणतो, त्यातले शेवटचे काही महिने तू मला देऊन टाकलेस. ही एक ओव्हर मला खरी हवी आहे.

एअरपोर्टवर मी येणार आहे. कंपनीच्या गाडीत बसलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझा,
राजन


कॅम्प, मीना अब्दुल्ला
३ ऑक्टोबर १९९८

तीर्थरूप आईस जयरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

स्वरा, हे आजीला मोठ्याने वाचून दाखव. खालच्या घरातली मंडळी जमली तर जमू देत.

आये, काल पहिली मॅच होती. आम्ही जिंकलो. सिराजने चार काढले, मी तीन. तो मला भाई म्हणतो. पण मला तुला मॅचच्या आधीचं सांगायचं आहे.

साहेबांनी एक ओव्हर मागितली होती ते तुला सांगितलंय. मैदानावर सगळे जमले, वहिनी चक्क गाडीतून उतरून उन्हात उभ्या राहिल्या. साहेब हेल्मेट घालून स्टंपमागे गेले, पार लांब, जानेवारीपर्यंत उभे राहायचे तिथे. पहिला बॉल टाकला, तो ग्लोव्हला लागून खाली पडला. दुसरा त्यांच्या बाजूने निघून गेला, सिराज पळत जाऊन घेऊन आला. तिसरा छातीवर बसला. मी थांबलो. साहेबांनी हात वर केला आणि ओरडले, "टाक रे!" चौथा परत हातातून सुटला. पाचव्याला त्यांनी झेप घेतली आणि तोंडावर वाळूत पडले. कोण हसेना. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. साहेब उठले, चष्मा पुसला, परत जागेवर गेले आणि वाकून उभे राहिले.

सहावा टाकला. आये, तो त्यांनी धरला. दोन्ही हातांत, छातीसमोर, न हलता. सगळे ओरडायला लागले. साहेब बॉल हातात धरून तसेच उभे. मग चालत माझ्यापर्यंत आले आणि हळूच विचारलं, "खरं सांग. शेवटचा हळू टाकलास ना?"

मी म्हटलं, "नाही, साहेब."

त्यांनी ग्लोव्ह्ज काढले आणि सलीलच्या हातात दिले.

तूही तेच विचारशील, मला माहीत आहे. तुझी शपथ, आये. सगळ्या जन्मात मी त्याहून जोराचा बॉल टाकलेला नाही.

तुझा,
जयराम